बाई, आज शिकवणार की वाजवणार?

पत्र :

मी मिरज तालुक्यातील एका शाळेत सहावी ते आठवीच्या वर्गांना विज्ञान शिकवते. लग्न होऊन मिरजेत आल्यावर सतार शिकू लागले आणि आज घर व शाळा सांभाळून माझे स्वतःचे म्हणून जे काही उरते, ते सतारच आहे. मध्यंतरी ध्वनीचा घटक शिकवताना मी सतार वर्गात नेली. एरवी खिडकीबाहेर पाहणारी मुलेही त्या दिवशी पुढे सरकून बसली. मग मलाच गोडी लागली. आता आठवड्यातून एक तासिका तरी सतारीकडे वळते. कधी ध्वनीच्या निमित्ताने, कधी लाकूड आणि धातू यांच्या निमित्ताने, कधी कोणत्याही निमित्ताशिवाय. गेल्या महिन्यात तीन गोष्टी लागोपाठ घडल्या. मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितले, "छंद घरी, शाळेत अभ्यासक्रम." पालकसभेत एका आईने विचारले, "शिष्यवृत्तीच्या पेपरात सतार येते का हो?" आणि सातवीतल्या एका मुलीने अगदी साधेपणाने विचारले, "बाई, आज शिकवणार की वाजवणार?" पहिल्या दोन गोष्टींचा राग आला, तिसरीने झोप उडवली. या वर्गात कमी ऐकू येणारा एक मुलगा आहे, त्याला या तासिकेत काय मिळत असेल, हेही मनात येते. शिवाय सतारमेकर गल्लीतला एक मुलगा आहे. मी सतार काढली की तो मान खाली घालून बसतो. सतार शाळेत नेणे मी बंद करावे का? की एक जुनी सतार शाळेतच ठेवून द्यावी, म्हणजे ने-आण करण्याचा प्रश्न मिटेल? मुलांना देण्यासारखे याहून चांगले माझ्याजवळ काही नाही, असे मला वाटते.

— एक विज्ञान शिक्षिका, मिरज तालुका

उत्तर :

प्रिय भगिनी, सप्रेम नमस्कार.

सतार बंद करू नका, मात्र आठवड्याची ती ठरून गेलेली तासिका बंद करा. उत्तर एवढेच आहे. पुढे लिहितो आहे ती त्यामागची कारणे, आणि त्या तासिकेच्या जागी काय करता येईल याविषयीच्या काही सूचना.

तुम्ही तीन प्रसंग लिहिले आहेत. त्यांपैकी मुख्याध्यापकांच्या म्हणण्याला आणि त्या आईच्या प्रश्नाला कागदावर उत्तर देता येते. त्या मुलीला मात्र वर्गातच उत्तर द्यावे लागेल, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो. तिने टोमणा मारलेला नाही, हे तुम्हीही मान्य केले आहे. तास सुरू होताना सातवीतल्या मुलीला एक व्यवहारी गोष्ट जाणून घ्यायची असते : वही उघडायची, की हाताची घडी घालून ऐकायचे? तुम्ही वाजवता तेव्हा ती श्रोता असते आणि श्रोत्याला दाद देण्यापलीकडे काही काम नसते. तुम्ही शिकवता तेव्हा तिला काम असते. मोजायचे असते, अंदाज बांधायचा असतो, चुकायचे असते, शेजारणीशी वाद घालायचा असतो. गेल्या काही महिन्यांत सतारीच्या तासिकेला तिला कोणते काम मिळाले, याची आठवण तुम्ही प्रामाणिकपणे करून पाहिलीत, तर झोप कशामुळे उडाली हे तुमच्या लक्षात येईल.

पहिल्या दिवशी मुले पुढे सरकून बसली, ते मात्र खोटे नव्हते. ध्वनी हा पुस्तकात मिटलेला विषय बाईंच्या मांडीवर आला, त्याला तारा होत्या, खुंट्या होत्या, आणि रोज फळ्याशी उभ्या असलेल्या बाई जमिनीवर बैठक घालून बसल्या होत्या. मोठ्या माणसाला कशाची तरी मनापासून ओढ आहे, हे दृश्य मुलांना आपल्याकडे दुर्मीळच असते. घरी बहुतेक वेळा त्यांना थकलेली माणसे दिसतात. त्यामुळे शिक्षकाने आपला छंद वर्गाबाहेर ठेवावा, असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीत मी बसणार नाही. पण त्या पहिल्या दिवशीच्या पुढे सरकण्यात नवलाईचा वाटा किती होता आणि ध्वनीविषयीच्या कुतूहलाचा किती, हे तुम्ही तपासले नाही. नवलाई दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ओसरते, आणि ती ओसरली की शिक्षक नकळत वादन लांबवतो.

शैक्षणिक मानसशास्त्रात या गोष्टीचा अभ्यास 1980च्या दशकापासून झालेला आहे. धड्यात मूळ मुद्द्याशी संबंध नसलेली, पण अतिशय रंजक अशी माहिती घातली, तर वाचणाऱ्याला ती रंजक माहिती लक्षात राहते आणि मूळ मुद्दा निसटतो, असे अनेक प्रयोगांतून दिसले आहे. तुमच्या वर्गापुरते बोलायचे तर "बाईंनी यमन वाजवला" हे सगळ्यांना आठवेल, आणि तार आखूड केल्यावर स्वर चढा का होतो हे चौघांना सांगता येईल. तसेच, मुले हुशार असतात. बाईंना एकदा सतारीच्या गोष्टीवर आणले की गृहपाठ तपासायचा राहून जातो, हे ज्ञान कोणत्याही वर्गात आठवडाभरात सर्वांना होते, आणि मग "बाई, तुमच्या गुरुजींची ती गोष्ट सांगा ना" अशी आर्जवे सुरू होतात, ज्यांत सतारीविषयीचे प्रेम किती असते, हे कोणत्याही अनुभवी शिक्षकाला सांगायला नको.

आता सतारीने विज्ञानाचे काम कसे करावे, याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण तुमचे वाद्य या कामाला इतके सोयीचे आहे की ते नुसते वाजवण्यासाठी वर्गात नेणे हा त्याचा अपव्यय होईल.

सतारीच्या पडद्यांखालून (दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांखालून) जाणाऱ्या तरफा, म्हणजे मुख्य तार छेडली की आपोआप झंकारणाऱ्या तारा, घ्या. कागदाची तांदळाच्या दाण्याएवढी चिमुकली पट्टी मधोमध दुमडून एका तरफेवर घोड्यावर बसवल्यासारखी बसवा. ती तरफ ज्या स्वरात लावली आहे, तोच स्वर बाजाच्या, म्हणजे वाजवण्याच्या मुख्य, तारेवर छेडा. कागद थरथरतो, उडतो, कधी खाली पडतो. दुसरा स्वर छेडा; कागद जागचा हलत नाही. कोणीही हात न लावलेली तार का हलली, आणि एका स्वराला हलली तर दुसऱ्याला का नाही, हा प्रश्न विचारून तुम्ही गप्प बसा. उत्तर सांगण्याचा मोह तुम्हाला होईल, कारण तुम्हाला ते फार चांगले ठाऊक आहे. पण त्या वेळी मुलांना बोलू द्यावे. "वाऱ्याने हलली" असे कोणी म्हणेल, तर खिडकी लावून पुन्हा करा. "लाकडातून हादरा गेला" असे कोणी म्हणेल, तर तो अर्धा बरोबर आहे, आणि मग दुसऱ्या स्वराचा हादरा का गेला नाही, हे त्यालाच विचारा. या कामाला दहा मिनिटे पुरतात आणि त्यासाठी एकही राग वाजवावा लागत नाही.

त्यानंतर सतार बाजूला ठेवून द्या. हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून थांबून लिहितो. सतार एक असते, ती महाग असते, नाजूक असते आणि ती तुमची असते. तीस-पस्तीस मुलांना तिला हात लावू देणे शक्य नसते आणि शक्य असले तरी तुमचा जीव वर-खाली होईल. ज्या वस्तूला हात लावायचा नाही, तिच्यापासून मुले लांबूनच शिकतात. म्हणून सतारीने प्रश्न उभा करावा आणि उत्तर मुलांनी फळीवर शोधावे. फळी म्हणजे शब्दशः फळी : पाऊण मीटर लांबीची, दोन टोकांना खिळे, त्यांवर ताणलेली सतारीची जुनी पोलादी तार, आणि तारेखाली सरकवता येईल असा पेन्सिलीचा किंवा लाकडाचा तुकडा. तारा तुम्ही अधूनमधून बदलत असालच; काढलेल्या तारा टाकून देऊ नका. अशा पाच-सहा फळ्या झाल्या की वर्गातील प्रत्येक गटाला एक येते.

तारेची मोकळी लांबी 60 सेंटिमीटर ठेवली आणि तिच्या स्वराला सा म्हटले, तर तुकडा 30 सेंटिमीटरवर आला की तार सा (वरच्या सप्तकातला सा) ऐकू येतो, 40 वर पंचम (प), 45 वर मध्यम आणि 48 वर शुद्ध गंधार. हे आकडे मुलांना सांगू नका. तुम्ही सतारीवर सा आणि प वाजवून दाखवा, आणि आपापल्या फळीवर तो प कुठे सापडतो ते त्यांना कानाने शोधू द्या. सापडला की मोजपट्टी लावून वहीत आकडा लिहू द्या. एका गटाला 39 मिळेल, दुसऱ्याला 41, एखाद्याला 36 मिळेल आणि त्याच्याशी इतर भांडतील. ते भांडण हाच त्या दिवशीचा पाठ असतो. मग 40 भागिले 60 म्हणजे किती, हा प्रश्न गणिताच्या बाईंनाही आवडेल असा आहे. सा 256 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 256 कंपनांचा, धरला तर पंचम 384 आणि तार सा 512 येतो, हे गुणोत्तर वहीतल्या लांबीच्या आकड्यांशी उलटे जुळते. वारंवारिता आणि लांबी यांचा व्यस्त संबंध मुलांनी स्वतःच्या हातांनी मोजलेल्या आकड्यांतून काढला, की तो पाठ करावा लागत नाही.

ताणाचा भाग यापुढचा. तारेचे एक टोक टेबलाच्या कडेवरून खाली सोडून तिला पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली टांगा आणि स्वर ऐका. मग एकीच्या जागी चार बाटल्या टांगा. वजन चौपट झाले की वारंवारिता दुप्पट होते, म्हणजे तोच स्वर वरच्या सप्तकात ऐकू येतो. बहुतेक मुले "चौपट चढा होईल" असा अंदाज बांधतात आणि चकतात. हे फसणे त्यांना आधी अंदाज लिहायला लावला तरच होते. इथे तुमची सतार पुन्हा पाच मिनिटांपुरती हातात घ्या आणि एक मींड घ्या, म्हणजे तार बाजूला ओढून स्वर चढवा. बोट त्याच पडद्यावर आहे, तारेची लांबी फारशी बदललेली नाही, तरीही स्वर चढला, हे पाहून बाटल्यांशी त्याचा संबंध कोण जोडते ते बघा. (तार तुटू शकते. मुलांचे चेहरे तिच्या रेषेत येऊ देऊ नका, आणि बाटल्यांखाली कोणाचे पाय नसावेत.)

असे काम सांगली-मिरजेच्या मातीत नवे नाही. कृष्णाजी बल्लाळ देवल हे सांगलीचे गृहस्थ व्यवसायाने सरकारी अधिकारी होते, डेप्युटी कलेक्टर म्हणून निवृत्त झाले. संगीत ही त्यांची आवड. त्या आवडीपोटी त्यांनी गायकाच्या गळ्यातून येणाऱ्या श्रुती (सप्तकातले सूक्ष्म स्वर) तारेच्या लांबीच्या हिशेबात मोजण्याचा खटाटोप केला, त्यासाठी पुढे मिरजेत स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँ यांच्यासारख्या गायकाचे साहाय्य घेतले, आणि 1910 साली त्यावर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. क्लेमंट्स नावाचे ब्रिटिश सनदी अधिकारीही या उद्योगात त्यांच्याबरोबर होते. त्यांच्या निष्कर्षांवर पुढे वाद झाले, ते आपण संगीतशास्त्रज्ञांवर सोडू. मुलांना सांगण्यासारखी गोष्ट अशी की, एका हौशी माणसाने आपली हौस मोजपट्टीला लावली. त्याने आनंद कमी झाला असेल असे मला वाटत नाही.

सतारमेकर गल्लीतल्या मुलाविषयी तुम्ही एकच वाक्य लिहिले आहे. मला ते पत्रातील सर्वांत बोलके वाटले. तुमच्यासाठी जो छंद आहे, तो त्याच्या घरी धंदा आहे. मिरजेत एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार कुटुंबांनी तंतुवाद्ये घडवायला सुरुवात केली आणि पिढ्यान् पिढ्या ते काम चालू राहिले. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण मानांकनाने घरातली परिस्थिती बदलतेच असे नाही. त्या मुलाने वाळलेल्या भोपळ्यांचे ढीग पाहिले आहेत, वडिलांना घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात त्या तुकड्यावर) कानस फिरवत तासन् तास जवारी लावताना, म्हणजे तारांचा झंकार जुळवताना, पाहिले आहे, आणि बहुधा गिऱ्हाइकाने पैसे थकवल्यावर घरात झालेले बोलणेही ऐकले आहे. बाई ज्या वस्तूचे कौतुक करताना डोळे मिटतात, ती वस्तू त्याच्या दृष्टीने काय आहे, हे तो वर्गात सांगू शकत नाही. तो मान खाली घालतो यामागे लाज असेल, कंटाळा असेल, "आता मला काहीतरी विचारतील" ही धास्ती असेल. तर्क करत बसू नका. वर्गासमोर त्याला अजिबात उभे करू नका. एखाद्या दिवशी शाळा सुटल्यावर आपल्या सतारीची एखादी खरी तक्रार त्याला सांगा, उदाहरणार्थ बाजाची तार बोथट बोलते आहे, आणि वडिलांना विचारून येशील का, असे म्हणा. तो विचारून आला, तर पुढचा रस्ता त्याच्या घरातून जातो.

आणि तो रस्ता शाळेच्या कागदपत्रांत बसतोही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना असावेत आणि त्या काळात त्यांनी सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांबरोबर काम पाहावे-करावे, असे सुचवलेले आहे. मिरज तालुक्यातल्या शाळेला यासाठी सतारमेकरांच्या कारखान्यापेक्षा जवळचे आणि योग्य ठिकाण कोणते? तिथे तुम्ही वाजवू नका. तिथे भोपळा कसा निवडतात, तो आतून कसा साफ करतात, दांडी त्याला कशी जोडतात, आणि घोडीचा माथा किंचित उतरता का ठेवतात, हे कारागीर दाखवतील. घोडीचा माथा तसा असल्यामुळे तार तिला एका बिंदूत न टेकता हळूहळू स्पर्शते आणि मूळ स्वराबरोबर अनेक वरचे स्वर उमटतात. तंबोऱ्याच्या तारेखाली सुताचा धागा सरकवताना आवाज खुलतो तो याचमुळे. हे विज्ञान तुम्ही पुस्तकी भाषेत सांगू शकता आणि ते कारागीर हातांच्या भाषेत. भेटीआधी त्या मुलाला आणि त्याच्या वडिलांना, त्यांच्याकडेच यावे की दुसऱ्या कारखान्यात जावे, हे मात्र खासगीत विचारा, आणि ते "नको" म्हणाले तर कारण न विचारता दुसरीकडे जा. कारागिरांचा अर्धा दिवस जातो, त्याचे मोल शाळेने द्यावे. "मुलांसाठी आहे" म्हणून फुकट मागू नये.

कमी ऐकू येणाऱ्या मुलाविषयीची तुमची काळजी योग्य आहे. वादनाच्या तासिकेत तो सर्वांत लांब असतो. प्रयोगाच्या तासिकेत तो सर्वांत जवळ येऊ शकतो. तंबोरा मिळाला तर उत्तम, नाहीतर सतारीच्या भोपळ्याला त्याचे दोन्ही तळवे लावू द्या आणि खर्जाची तार छेडा, मग चढी तार छेडा. तरफेवरचा कागद उडताना त्याला सगळ्यांइतकाच दिसतो. कंपन हे आधी हालचाल असते आणि मग आवाज, ही गोष्ट तो इतरांआधी सांगू शकेल अशी शक्यता आहे. मात्र तो सांगेलच अशी अपेक्षा त्याच्यावर लादू नका. इतर मुलांनाही डोळे मिटून, कानांत बोटे घालून, नुसत्या तळव्यांनी तारांतला फरक ओळखायला लावा. तेव्हा सगळा वर्ग एका पातळीवर येतो आणि त्याच्याकडे कोणी वेगळे बघत नाही.

आता मुख्याध्यापक. त्यांचे वाक्य रुक्ष आहे, पण त्यांच्या खुर्चीवरून पाहिले तर पूर्णपणे चूक नाही. शिक्षण हक्क अधिनियम 2009 नुसार सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान 220 कामाचे दिवस आणि 1000 अध्यापनाचे तास ठरलेले आहेत, आणि कलम 24 प्रमाणे अभ्यासक्रम ठरलेल्या मुदतीत पूर्ण करणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. त्यांना उद्या केंद्रप्रमुख विचारतील तेव्हा उत्तर त्यांना द्यावे लागणार आहे. दुसऱ्या बाजूला त्याच अधिनियमाचे कलम 29 कृती, शोध आणि अन्वेषण यांतून शिकण्याचा आग्रह धरते, आणि आकारिक मूल्यमापनात प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प ही साधने आधीपासूनच आहेत. तेव्हा त्यांच्याशी छंदाच्या हक्कासाठी वाद घालण्याऐवजी ध्वनीच्या घटकाचे टाचण त्यांच्यापुढे ठेवा : किती तासिका, कोणत्या तासिकेला कोणता प्रयोग, कोणती अध्ययन निष्पत्ती, साहित्य काय, नोंद कुठे. त्यात "सतार" हा शब्द साहित्याच्या रकान्यात एकदाच येऊ द्या. निमित्ताशिवाय झालेल्या तासिकांमुळे जो भाग मागे पडला असेल, तोही कधी पूर्ण करणार हे त्यांनी विचारण्याआधी सांगून टाका. बहुतेक मुख्याध्यापक उपक्रमांच्या विरोधात नसतात. दैनंदिनीत नसलेल्या गोष्टींना ते घाबरतात.

त्या आईला काय सांगायचे? सतार पेपरात येत नाही, हे सरळ सांगा. वारंवारिता, कंपन आणि गुणोत्तर हे विज्ञानाच्या आणि गणिताच्या परीक्षांत येतात, आणि मुलाची वही दाखवा. वही दाखवण्यासारखी असेल तर आणखी बोलावे लागणार नाही.

एक धोका तुम्ही लिहिलेला नाही, पण तो तुमच्या वाटेवर आहेच. छंद असलेल्या शिक्षकाभोवती तीन-चार मुले गोळा होतात, ज्यांना त्या गोष्टीत गती असते. मधल्या सुट्टीत ती बाईंजवळ असतात, त्यांची नावे बाईंच्या तोंडी बसतात, आणि बाकीच्या वर्गाला हे फार लवकर कळते. ज्याला सूर कळत नाही, तो विज्ञानातही "आपले काम नव्हे" असे समजू लागतो. म्हणून सतारीशी संबंधित कोणत्याही कामाला सुरेलपणाचे गुण ठेवू नका. ज्याला पंचम ओळखता येत नाही, त्याने मोजपट्टी धरावी, नोंदी कराव्यात, तार ताणावी, कागदाच्या पट्ट्या कापाव्यात. ज्यांना खरोखर शिकायचे आहे, त्यांच्यासाठी शनिवारी शाळा सुटल्यानंतर, पालकांच्या संमतीने, सर्वांना खुले असे थोडे बसणे ठेवता येईल. तेही मुख्याध्यापकांच्या लेखी परवानगीने. (आणि तुमची ख्याती झाली की 26 जानेवारीच्या स्वागतगीतापासून निवृत्तांच्या निरोप समारंभापर्यंत प्रत्येक कार्यक्रमाला तुमचीच सतार लागेल. पहिल्या वेळी हो म्हणण्याआधी विचार करा. दुसऱ्या वेळी विचारायला कोणी येत नाही, पत्रिकेत नावच छापलेले असते.)

तुमच्या पत्राच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. मुलांना देण्यासारखे तुमच्याजवळ सतारीहून अधिक काही आहे, आणि ते तुम्ही सतारीकडूनच घेतलेले आहे. एकच पलटा (सरावाची स्वररचना) शंभरदा चुकल्यावरही पुन्हा धरता येतो, हे तुमच्या बोटांना माहीत आहे. सातवीतल्या मुलाला गणित तिसऱ्यांदा चुकले की तो पाटी टाकतो, कारण मोठ्या माणसांना गोष्टी आपोआप येतात अशी त्याची समजूत असते. वर्गात तुम्ही आजवर येणारेच वाजवले असणार. ध्वनीच्या घटकात एखाद्या वेळी, चार-पाच मिनिटांपुरते, जे अजून येत नाही ते वाजवा. कुठे अडते ते बोलून दाखवा, लय अर्धी करा, पुन्हा घ्या, पुन्हा अडा. हे सुंदर दिसणार नाही आणि ऐकायलाही बरे वाटणार नाही. पण मेहनत म्हणजे नेमके काय करायचे, याचे प्रात्यक्षिक त्या वर्गाला दुसरे कोणी देणार नाही. आणि त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तरही त्यात आले, कारण त्या पाच मिनिटांत तुम्ही वाजवतही नसाल आणि शिकवतही नसाल, शिकत असाल.

इतर घटकांत मात्र सतारीला ओढून आणू नका. अन्नघटक, पेशी, चुंबकत्व यांना तिची गरज नाही. धातू-लाकडाच्या धड्यात ती एखाद्या उदाहरणापुरती येऊ शकते, त्यासाठी प्रत्यक्ष वाद्य नेण्याचे कारण नाही. वर्षातून तीन किंवा चार तासिका, त्याही ध्वनीच्या घटकात सलग, एवढे पुरे आहे.

राहता राहिला जुनी सतार शाळेत ठेवण्याचा प्रश्न. ठेवू नका. जून ते सप्टेंबर हवेतल्या दमटपणाने लाकूड आणि तबली (भोपळ्यावरची लाकडी फळी) फुगते, तारांना गंज चढतो, आणि शाळेच्या कपाटात तिची काळजी घेणारे कोणी नसते. भोपळ्याला तडा गेला तर तो कोणामुळे गेला याची चौकशी सुरू होईल, आणि ती बहुधा एखाद्या मुलापाशी येऊन थांबेल. त्याऐवजी त्या पाच-सहा फळ्या शाळेत ठेवा, त्यांची नोंद साहित्याच्या रजिस्टरमध्ये करून घ्या, आणि जादा तारांची एक गुंडाळी त्यांच्यासोबत द्या. तुम्हाला वर्ग बदलून मिळाला किंवा तुमची बदली झाली, तरी पुढच्या विज्ञान शिक्षकाला, त्याला सतार येत नसली तरी, त्या वापरता येतील. तुमची सतार ध्वनीच्या घटकाच्या दिवशी रिक्षाने न्या, मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांच्या खोलीत ठेवा आणि संध्याकाळी घरी आणा.